माणूस आफ्रिकेत जन्मला, मग आफ्रिका मागे का राहिली? नववीच्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर

प्रवरेच्या काठच्या एका शाळेत इतिहास शिकवणाऱ्या बाईंनी हे विचारलं आहे. मानवाच्या उत्पत्तीचा भाग शिकवताना नववीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, पहिला माणूस आफ्रिकेत झाला म्हणता, मग आफ्रिका मागे कशी राहिली? इजिप्त सोडलं तर तिथे काहीच कसं झालं नाही?" बाईंनी तिला पुढच्या तासाचा वायदा केला आणि मला तीन गोष्टी विचारल्या. उत्पत्ती आफ्रिकेतलीच, हे किती पक्कं आहे, कारण भारतातही १५ लाख वर्षांपूर्वीची हत्यारं मिळाल्याचं त्यांच्या वाचनात आलं होतं. इजिप्तखेरीज आफ्रिकेत काय घडलं? आणि वर्गात मुलांच्या हातात देण्यासारखं काही आहे का?

बाई, मी तीसेक वर्षं दगडी हत्यारांवर काम करतो आहे. त्या मुलीचा प्रश्न मला मोलाचा वाटला, कारण तो शिकल्यासवरल्या लोकांच्याही मनात असतो, फक्त ते विचारत नाहीत. मी स्वतः विद्यार्थी असताना माझ्याही डोक्यात हेच चित्र होतं: माणूस आफ्रिकेत जन्मला, बाहेर पडला आणि मग खरा इतिहास दुसरीकडे सुरू झाला. आफ्रिका म्हणजे पहिलं प्रकरण, वाचून बाजूला ठेवायचं. हे चित्र चूक आहे. ते कुठे चुकतं, तेवढंच मला या उत्तरात नीट दाखवायचं आहे.

आधी पहिला प्रश्न. उत्पत्ती आफ्रिकेतली हे पक्कं आहे, आणि ते एखाद्या कवटीवर टेकलेलं नाही. माणसाच्या कुळातली २० लाख वर्षांपूर्वीची आणि त्याहून जुनी जी निर्विवाद हाडं आजवर सापडली, ती सगळी आफ्रिकेतली आहेत. चाडमधली तुमाई नावाने ओळखली जाणारी कवटी सुमारे ७० लाख वर्षांपूर्वीची. इथिओपियात हदार इथे १९७४ साली सापडलेली लूसी ३२ लाख वर्षांपूर्वीची. तिथले लोक तिला दिंकनेश म्हणतात. आफ्रिकेबाहेरची सर्वांत जुनी हाडं जॉर्जियातल्या दमानिसीची, ती सुमारे १८ लाख वर्षांपूर्वीची. म्हणजे निम्म्याहून कितीतरी जास्त कथा आफ्रिकेच्या बाहेर पाऊल न टाकता घडली.

मुलं हमखास विचारतील की एवढी जुनी वर्षं कशी मोजता. त्यांना राखेचं घड्याळ सांगा. पूर्व आफ्रिकेची जमीन लाखो वर्षं फाटते आहे आणि त्या फटीच्या काठाने ज्वालामुखी आहेत. ज्वालामुखीच्या राखेतल्या स्फटिकांत पोटॅशियम असतं. त्यातला थोडासा भाग अतिशय संथपणे आर्गॉन वायूत बदलत जातो. खडक वितळलेला असतो तेव्हा आधीचा सगळा आर्गॉन उडून जातो, म्हणजे घड्याळ शून्यावर येतं. थंड झाल्यावर नवा आर्गॉन स्फटिकात अडकून साठायला लागतो. किती साठला ते मोजलं की राख कधी पडली ते कळतं. हाड अशा दोन राखांच्या थरांमध्ये सापडलं की त्याचं वय दोन्हीकडून बांधलं जातं. आपल्याकडे नदीच्या गाळात हत्यारं विपुल मिळतात, पण अशी राख क्वचितच, म्हणून आपल्या तारखांना फार कष्ट पडतात.

त्या राखेचं एक दृश्य मुलांना जरूर सांगा. टांझानियात लायटोली इथे ३६ लाख ६० हजार वर्षांपूर्वी राख पडली, त्यावर पावसाची भुरभुर आली आणि ओल्या सिमेंटसारख्या त्या थरावरून काही जण चालत गेले. वरून पुन्हा राख पडली आणि सगळं झाकलं गेलं. १९७०च्या दशकात मेरी लीकी यांच्या पथकाला ती पावलं मिळाली. टाच आधी टेकलेली, अंगठा माकडासारखा बाजूला फाकलेला नसून बाकीच्या बोटांच्या ओळीत. त्याच थरावर पावसाच्या थेंबांचे खळगेही आहेत. मेंदू अजून लहान होता, हत्यारं यायची होती, पण चाल आपली होती.

आता भारतातली १५ लाख वर्षं. चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कम इथल्या हातकुऱ्हाडींचं ते वय आहे, शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते २०११ साली प्रसिद्ध केलं, आणि ते काम उत्तम आहे. त्याने आफ्रिकेतली उत्पत्ती खोटी ठरत नाही. आफ्रिकेतून बाहेर पडणं एकदाच घडलेलं नाही. अशा हातकुऱ्हाडी केनियात १७ लाख ६० हजार वर्षांपूर्वी दिसतात, आणि त्या बनवणारे आपल्या आधीचे, होमो इरेक्टस आणि त्याच्या नात्यातले मानव होते. ते आशियात पसरले. आपली स्वतःची जात, होमो सेपियन्स, खूप नंतर आली. मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून मुलांकडे येतो. १९८७ साली त्यावर जे काम झालं, त्यात जगभरच्या माणसांची आईकडची वंशरेषा मागे नेत नेत आफ्रिकेत पोहोचली. पुढे सगळा जनुकसंच वाचता आला, तेव्हाही तेच निघालं: माणसा-माणसांतला जनुकीय फरक आफ्रिकेत सर्वांत जास्त, आणि आफ्रिकेबाहेरचे आपण सगळे त्यातल्या एका फांदीचे. बाहेर आल्यावर निअँडर्थलांशी, म्हणजे आपल्या नात्यातल्या दुसऱ्या एका मानवजातीशी, संबंध आला, त्यांचा सुमारे २ टक्के वाटा आपल्या अंगात उतरला. पण मुख्य मूळ एकच.

तुमच्या शाळेपासून जवळच याचा एक धागा आहे. नेवाशाच्या परिसरात प्रवरेच्या गाळात पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया यांना १९५०च्या दशकात दगडी हत्यारं मिळाली. पुढे गुद्रुन कोर्विनुस या जर्मन विदुषींनी तिथल्या चिर्की नाल्यावर उत्खनन केलं, हातकुऱ्हाडींचा मोठा साठा बाहेर काढला. त्याच कोर्विनुसबाई १९७०च्या दशकात इथिओपियात हदारच्या मोहिमेत होत्या आणि शेजारच्या गोना भागातली दगडी हत्यारं पहिल्यांदा नजरेस आणणाऱ्यांत त्यांचं नाव आहे. गोनाची हत्यारं पुढे २६ लाख वर्षांपूर्वीची ठरली. चिर्कीच्या नाल्यात तयार झालेली नजर इथिओपियातल्या अफारच्या वाळवंटात कामाला आली, हे मला फार आवडतं.

हातकुऱ्हाडीबद्दल थोडं जवळून सांगतो. मी ती स्वतः करायला शिकलो आहे. तळहाताएवढा काळा दगड डाव्या हातात धरायचा, उजव्या हातात गोल गोटा. कडेवर तिरका घाव घातला की खालच्या अंगाने एक छिलका निघतो. मग दगड उलटा करायचा आणि त्या छिलक्याच्या व्रणावरच पुढचा घाव घालायचा. म्हणजे प्रत्येक घाव पुढच्या घावाची जागा तयार करत जातो. तीन-चार घाव पुढचं मनात धरल्याशिवाय ते बदामी रूप येतच नाही. माझ्या पहिल्या कितीतरी कुऱ्हाडी मधूनच मोडल्या, कारण मी फक्त समोरचा घाव बघत होतो. केनियाच्या ओलोर्गेसायलीमध्ये अशा शेकडो कुऱ्हाडी जमिनीवर पसरल्या आहेत. ज्यांना आपण 'आदिमानव' म्हणून मोकळे होतो, त्यांनी हे शिकलं आणि शिकवलं.

आता आपली जात. शाळेच्या पुस्तकात पूर्व आफ्रिकेतला एखादा पाळणा दाखवतात. ते आता जुनं झालं. मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदच्या खाणीत १९६१ साली पहिली कवटी मिळाली होती. नव्या उत्खननानंतर २०१७ साली तिथल्या माणसांचं वय सुमारे ३ लाख वर्षं निघालं. इथिओपियातल्या ओमो नदीकाठची कवटी किमान २ लाख ३३ हजार वर्षांपूर्वीची. दक्षिण आफ्रिकेतही तशाच काळातले अवशेष आहेत. म्हणजे उत्तरेचं टोक, पूर्व आणि दक्षिण. प्रवरेसारखी नदी उन्हाळ्यात अनेक धारांत फुटते आणि पावसाळ्यात त्या धारा पुन्हा मिळतात, तसं हे झालं असावं. आफ्रिकाभर विखुरलेल्या टोळ्या कधी वेगळ्या पडत, कधी मिसळत. त्या सगळ्यांतून आपण आलो.

आणि इथे त्या मुलीच्या प्रश्नाचा पहिला भाग सुटतो. आपल्या जातीचं वय ३ लाख वर्षं धरा. आज आफ्रिकेबाहेर असलेल्यांचे पूर्वज तिथून निघाले ६०-७० हजार वर्षांपूर्वी. त्याआधीची सव्वादोन लाखांहून अधिक वर्षं आपण सगळेच आफ्रिकन होतो. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लोम्बोस गुहेत १ लाख वर्षांपूर्वी माणसं शिंपल्याच्या वाटीत गेरू, हाडांची चरबी आणि कोळसा कालवत होती. ७५ हजार वर्षांपूर्वीचे बारीक शिंपल्यांचे मणी तिथे सापडले, त्यांच्या भोकांच्या कडा दोऱ्याने घासून गुळगुळीत झालेल्या. ७३ हजार वर्षांपूर्वीच्या दगडाच्या एका तुकड्यावर गेरूच्या कांडीने ओढलेल्या ९ लाल रेघा आहेत. आपल्याला माहीत असलेलं हे सर्वांत जुनं रेखाटन. चित्र, दागिना, रंग हे बाहेर पडल्यावर सुचलेलं नाही. ते शिदोरीत बांधून आणलेलं आहे.

आणि जे निघाले नाहीत, त्यांचं काय? ते तिथेच थांबले आणि त्यांचा इतिहास पुढे चालू राहिला. बहुतेक पुस्तकांत नेमका तिथेच पडदा पडतो.

सुमारे ११ हजार ते ५ हजार वर्षांपूर्वी सहारा हिरवा होता. पृथ्वीच्या आसाची डुलकी हजारो वर्षांच्या फेऱ्याने बदलते. त्या काळात उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात ऊन जास्त कडक पडे, त्यामुळे पावसाचा पट्टा उत्तरेकडे सरकला. आपलाही मोसमी पाऊस तेव्हा जोरात होता, दोन्हींची दोरी एकच. आज जिथे वाळू आहे तिथे तळी, पाणघोडे, मगरी होत्या. चाडचं सरोवर समुद्रासारखं पसरलं होतं. ईशान्य नायजेरियात दुफुना गावी १९८७ साली एका गुराख्याला विहीर खणताना लाकडी होडी लागली, ती सुमारे ८ हजार वर्षांपूर्वीची निघाली. अल्जीरियातल्या तासिली पठाराच्या कातळांवर गुरांचे कळप रंगवलेले आहेत, शिंगांच्या वळणासकट.

या भागाशी मला थोडं थांबायचं आहे, कारण माझ्या मते सगळी मेख इथे आहे. आपण शाळेत क्रम पाठ करतो: आधी शेती, मग गाव, मग मडकी, मग नगर, मग राजा आणि लिपी. हा क्रम पश्चिम आशियाच्या उत्खननांवरून बसवला आहे. तिथेही तो तंतोतंत लागू होत नाही, आफ्रिकेत तर मुळीच नाही. मालीमध्ये उंजुगू इथे ११ हजार वर्षांपूर्वीच मडकी होती, शेतीचा पत्ता नसताना. खार्टूमजवळचे कोळी लोक नदीतल्या मांगूरसारख्या माशाच्या काट्याने ओल्या मडक्यावर लाटांची नक्षी काढत. ती खापरं हातात घेतली की काट्याचे दात एकेक मोजता येतात. त्यानंतर आली गुरं. लिबियातल्या खापरांत ७ हजार वर्षांपूर्वीच्या दुधाच्या स्निग्धांशाच्या खुणा मिळाल्या आहेत. आणि शेती आली सगळ्यांत शेवटी. जिथे पाऊस दरवर्षी जागा बदलतो, तिथे एका शेताला बांधून घेण्यापेक्षा चालतं धन बरं. माणदेशातल्या मेंढपाळाला हे समजावून सांगावं लागणार नाही. पण वर दिलेला क्रम हातात घेऊन कोणी सहारात गेला तर त्याला गावं दिसत नाहीत, शेतं दिसत नाहीत, आणि तो वहीत लिहितो: इथे काही घडलं नाही.

पाऊस मागे सरला तसे हे लोक हलले. काही दक्षिणेला, काही नाईलकडे. इजिप्तच्या उभारणीत या वाळवंटातून आलेल्या गुराख्यांचा वाटा आहे. इजिप्तचं राज्यही समुद्राकडून आत आलं नाही, ते दक्षिणेत, हिएराकोन्पोलिस आणि अबायडोसच्या बाजूला आकाराला आलं आणि इ.स.पू. ३१००च्या सुमारास नार्मर राजाच्या काळात उत्तरेपर्यंत पोहोचलं. म्हणून 'इजिप्त सोडलं तर आफ्रिका' हा हिशोबच मला पटत नाही. नाईलचं खोरं आफ्रिकेच्या पोटातून येतं. तुमच्या वर्गात परग्रहवासीयांनी पिरॅमिड बांधल्याचे व्हिडिओ फिरत असतीलच. त्या मुलांना मेरेर या मुकादमाबद्दल सांगा. खुफू राजाच्या पिरॅमिडसाठी तुरा इथल्या खाणीतून चुनखडी होडीने गिझाला नेणाऱ्या टोळीचा तो प्रमुख. त्याची रोजची नोंदवही पपायरसवर लिहिलेली, २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी मिळाली. आज भरलं, उद्या पोहोचलो, रात्री अमुक ठिकाणी मुक्काम. साडेचार हजार वर्षांपूर्वीचं हजेरीबुक.

आता इजिप्तच्या दक्षिणेला, आजच्या सुदानात, नाईलच्या तिसऱ्या धबधब्याजवळ केर्मा आहे. मला एकच स्थळ निवडायला सांगितलं तर मी हेच निवडीन. इ.स.पू. २५०० ते १५०० या काळात इथे कुश राज्याची राजधानी होती. कच्च्या विटांचं भरीव देऊळ, ज्याला स्थानिक लोक देफुफा म्हणतात, आजही सुमारे १८ मीटर उंच उभं आहे. जवळच्या दफनभूमीत राजांच्या मातीच्या टेकड्या आहेत, मोठ्या टेकडीचा व्यास ९० मीटरच्या आसपास. एका टेकडीच्या दक्षिणेला गुरांची सुमारे ५ हजार डोकी अर्धचंद्रात मांडलेली मिळाली. एका माणसाच्या निरोपाला ५ हजार गुरं! त्या समाजाची संपत्ती कशात होती आणि किती लांबून लोक त्या दिवशी जमले असतील, हे यावरून उमगतं. राजांसोबत शेकडो माणसांचे बळीही दिलेले आहेत, ते लपवायचं कारण नाही. आणि त्यांची मडकी! चाकाशिवाय, हाताने घडवलेले पेले, अंड्याच्या कवचासारखे पातळ, तळ तांबडा, काठ काळा कुळकुळीत, आणि दोन्हींच्या मध्ये राखाडी-जांभळ्या रंगाचा पट्टा. भट्टीवर एवढा ताबा असलेला कुंभार मी दुसरीकडे क्वचित पाहिला.

१९१३ ते १९१६ या काळात अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जॉर्ज रायझनर यांनी हे स्थळ खणलं. खोदकामात अत्यंत काटेकोर माणूस, त्यांच्या नोंदी आजही वापरल्या जातात. पण राजांच्या टेकड्यांत इजिप्तच्या अधिकाऱ्यांचे पुतळे मिळाले, तेव्हा त्यांनी निष्कर्ष काढला की इथे इजिप्तचे सुभेदार राज्य करत असणार आणि या कबरी त्यांच्याच. काळ्या आफ्रिकी लोकांनी हे उभं केलं असेल ही शक्यता त्यांच्या मनाला शिवली नाही. खरं उलट होतं. ते पुतळे कुशच्या राजांनी इजिप्तवर स्वाऱ्या करून आणलेले होते. इजिप्तमध्ये एल-काब इथल्या एका सरदाराच्या कबरीत २००३ साली लेख वाचला गेला, त्यात कुशच्या फौजा चालून आल्याचं इजिप्तच्याच माणसाने लिहून ठेवलं आहे. स्विस पुरातत्त्वज्ञ शार्ल बोने यांनी पुढे अनेक दशकं केर्मात काम करून नगर, घरं, तटबंदी सगळं मोकळं केलं आणि हे राज्य ज्यांचं होतं त्यांना परत दिलं. मी हे विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो: पुरावा रायझनरांच्या हातात होता, तरी चुकले. आधीच ठरवलेलं उत्तर डोळ्यांवर बसलं की असं होतं.

केर्मा इजिप्तने इ.स.पू. १५००च्या सुमारास पाडलं. पण कुश संपला नाही. इ.स.पू. ७३०च्या सुमारास पिये हा कुशचा राजा उत्तरेला चालून गेला आणि त्याच्या घराण्याने इजिप्तवर राज्य केलं. जेबेल बर्कलच्या त्याच्या शिलालेखात एक प्रसंग आहे: हरलेल्या राजाच्या तबेल्यात तो जातो, तिथले घोडे उपाशी ठेवलेले पाहतो आणि भयंकर संतापतो. पुढे राजधानी मेरोईला गेली. तिथे लोखंड गाळल्यानंतर उरलेल्या मळीचे ढीग आजही टेकड्यांसारखे आहेत. सुदानात २००हून अधिक पिरॅमिड आहेत, इजिप्तपेक्षा जास्त, आकाराने लहान आणि चढाने उभट. मेरोईची लिपी आपल्याला वाचता येते, भाषा अजून पुरती कळत नाही. रोमच्या सैन्याशी कुशची एक राणी लढली. त्या स्वारीत पळवलेलं सम्राट ऑगस्टसचं ब्राँझचं डोकं १९१० साली मेरोईत एका देवळाच्या पायरीखाली पुरलेलं मिळालं. येणारा-जाणारा त्यावर पाय देऊनच आत जाणार, अशी जागा निवडली होती.

हे लिहिताना जीव तुटतो, कारण २०२३च्या एप्रिलपासून सुदानात युद्ध पेटलं आणि खार्टूमचं राष्ट्रीय संग्रहालय लुटलं गेलं. ज्या पेल्यांचं वर्णन मी वर केलं, त्यांच्या जातीची भांडी तिथे होती. तिथल्या सहकाऱ्यांची तर घरंच गेली आहेत.

बाकीचं भराभर सांगतो, प्रत्येकावर एकेक तास घेता येईल. नायजेरियात नोक संस्कृतीचे भाजलेल्या मातीचे पुतळे इ.स.पू. पहिल्या सहस्रकातले, सोबत लोखंडाच्या भट्ट्या. त्यातलं एक डोकं १९४३ साली पुरातत्त्वज्ञाच्या नजरेस पडलं तेव्हा ते सुरणासारख्या कंदाच्या मळ्यात बुजगावण्यावर बसवलेलं होतं. मालीमध्ये नायजर नदीच्या पूरक्षेत्रात जेने-जेनो हे गाव इ.स.पू. २५०च्या सुमारास वसलं आणि वाढत वाढत नगर झालं, सुमारे २ किलोमीटरची तटबंदी असलेलं. त्यात राजवाडा सापडलेला नाही. लोहार, कोळी, भातशेती करणारे असे लोक आपापल्या वाड्यांत शेजारी शेजारी राहत. राजाशिवाय नगर उभं राहू शकतं, हे तिथल्या मातीनेच आपल्याला शिकवलं. इथिओपियात अक्सुमच्या राजांनी सोन्याची नाणी पाडली. त्यांच्या अदुलिस बंदरात पहिल्या शतकात भारतातलं लोखंड, पोलाद आणि सुती कापड उतरत असल्याचं एका ग्रीक व्यापाऱ्याने नोंदवलं आहे, आणि इथिओपियातल्या देब्रे दामो इथे शंभराहून अधिक कुषाण सुवर्णनाण्यांचा साठा मिळाला.

एका स्थळाबद्दल मात्र संताप ठेवून सांगतो. दक्षिणेतल्या ग्रेट झिंबाब्वेच्या भिंती, ११ मीटरपर्यंत उंच, चुना न वापरता ग्रॅनाइटचे चिरे एकावर एक बसवलेल्या. कोकणातला गडगा ज्याने रचला आहे त्याला ही कारागिरी लगेच कळेल. ११व्या ते १५व्या शतकातलं हे नगर तिथल्या शोना लोकांच्या पूर्वजांचं. १९०५ साली रँडल-मॅकआयव्हर यांनी आणि १९२९ साली गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन यांनी उत्खननाच्या आधारे तसं स्पष्ट सांगितलं. तरी ऱ्होडेशियाचं, म्हणजे आजच्या झिंबाब्वेचं, तेव्हाचं गोरं सरकार पुढची कित्येक वर्षं ते फिनिशियनांचं, अरबांचं, कोणाचंही असू शकतं असं म्हणत राहिलं, आणि खरं लिहिणाऱ्या पीटर गार्लेक यांना १९७० साली देश सोडावा लागला. १९८० साली स्वतंत्र झालेल्या देशाने याच भग्न नगराचं नाव घेतलं. तिथे काचेचे मणी ढिगाने मिळतात, भारताकडून समुद्रमार्गे आलेले. आपल्या चौलला सापडलेल्या मण्यांची काच आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या काही मण्यांची काच घटकद्रव्यं तपासल्यावर एकाच जातकुळीची निघाली आहे.

मग 'मागे' हा शब्द कुठून आला? अटलांटिकपार गुलाम म्हणून जहाजांत कोंबलेल्या माणसांची संख्या सुमारे सव्वा कोटी आहे, १६व्या ते १९व्या शतकातली. ती तरुण माणसं होती. त्यानंतर १८८४-८५ साली बर्लिनच्या परिषदेत युरोपीय सत्तांनी खंड वाटून घेण्याचे नियम ठरवले. तिथे एकही आफ्रिकी प्रतिनिधी नव्हता. वाटून घेतलेल्या जमिनीवर आधी कोणाचं राज्य होतं हे कबूल करणं त्यांना परवडणारं नव्हतं, म्हणून इतिहासच नाही असं लिहिलं गेलं. आपण वसाहतीत राहिलेली माणसं आहोत, बाई, ही युक्ती आपल्या मुलांना चटकन कळेल.

आता वर्गात काय न्यावं. सहा वाट्या घ्या: ज्वारी, बाजरी, नाचणी, चवळी, एरंडाच्या बिया आणि चिंच. आफ्रिकेचा मोठा नकाशा जमिनीवर अंथरा आणि एकेक वाटी जागेवर ठेवायला सांगा. ज्वारी पूर्व सुदानात, कसाला शहराच्या बाजूला. बाजरी मालीच्या उत्तरेला. नाचणी इथिओपिया-युगांडाच्या डोंगराळ भागात. चवळी पश्चिम आफ्रिकेत. एरंड इथिओपियाच्या आसपास. चिंच उष्ण आफ्रिकेच्या रानात. चिंचेला अरबांनी भारताचं खजूर म्हटलं, त्यावरूनच तिचं जगभरातलं नाव पडलं, पण झाड तिकडचं. ज्वारी आणि बाजरी हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळापासून आपल्याकडे दिसू लागतात.

ज्वारीच्या वाटीशी एक गोष्ट जोडा. रानटी ज्वारीचा दाणा पिकला की आपोआप गळतो, आणि जिथून सुटतो तिथला व्रण गुळगुळीत असतो. माणसाने वर्षानुवर्षं न गळणारी कणसं निवडून पेरली, तेव्हा दाणा मळणीत तोडावा लागू लागला आणि व्रण फाटका दिसू लागला. कसालाजवळच्या कुंभारांनी ५ हजार वर्षांहून आधी मडक्याच्या मातीत जोंधळ्याचं भुसकट मिसळलं होतं, आपल्याकडे अजून मिसळतात तसं. भट्टीत भुसकट जळालं, पण त्याचा ठसा खापरात राहिला. संशोधकांनी ते ठसे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. काही व्रण गुळगुळीत होते, काही फाटके. म्हणजे रानातला जोंधळा घरचा होत असतानाचा तो क्षण. एखाद्या मुलाच्या घरून कणीस मागवा, दाणा उपटून भिंगाखाली धरा, फाटका व्रण सगळ्यांना दिसेल. ज्या मुलीने प्रश्न विचारला, कसालाची वाटी तिच्याच हातून ठेवा.

नदीवर मुलांना नेणार असाल तर एक विनंती. काळ्या दगडाचा बदामी तुकडा दिसला, धारेच्या दोन्ही अंगांनी छिलके काढल्याचे खळगे दिसले, तर उचलू देऊ नका. थरातून सुटलेल्या हत्याराचं वय पुन्हा सांगता येत नाही. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, दगड गाळात किती खोलीवर होता आणि वर-खाली कुठला थर होता ते वहीत लिहा, आणि मला पाठवा.